मेश्रामकाकांची काडतुसं

देश सोडून बॉथेलला आल्यावर मेश्रामकाकांबद्दल मी पहिली गोष्ट ऐकली ती अशी, की ते गॅरेजमध्ये दारू भरतात.

सांगणाऱ्या बाईंनी आवाज खाली घेतला होता. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम नुकताच संपला होता. एका चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला, मागच्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भात, आणि माझ्या हातात कागदी प्लेट. "दिसायला एवढा साधा माणूस," बाई म्हणाल्या. "दर रविवारी घरात बुद्धवंदना. आणि खाली गॅरेजमध्ये बघशील तर डबेच्या डबे. आमच्या मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी ज्या घरात भाड्यानं राहायला जाणार होते ते घर याच मेश्रामांचं आहे, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका मला बसस्टॉपवर घ्यायला आले. पन्नाशीचा, काटकुळा, सावळा माणूस. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या शेजारी एक छोटा टॉर्च. घरी पोचल्यावर माझी बॅग त्यांनी पायरीवर ठेवली आणि खोली दाखवायच्या आधी गॅरेजचं दार वर उचललं.

"आधी हे बघून घे, पोरी. लोकांकडून ऐकशील त्यापेक्षा बरं."

टेबलाला बोल्टनं घट्ट बसवलेलं एक लोखंडी यंत्र होतं. चकलीचा सोऱ्या उभा करून त्याला लांब दांडा लावावा, तसं काहीसं. शेजारी रंगीत प्लॅस्टिकच्या बोटभर नळ्यांनी भरलेले आइस्क्रीमचे डबे. बाजूच्या लाकडी कपाटात, कुलपात, दारू होती. खरंच होती. बंदुकीची.

"पिण्याची असती ना, तर लोकांनी समजून घेतलं असतं," मागून काकू म्हणाल्या. शालिनीकाकूंची आणि माझी ओळख या वाक्यानं झाली.

मी त्या घरात तीन वर्षं राहिले. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आमच्यासारखी प्रोग्रॅमिंग करणारी पोरं विमानं भरभरून येत होती आणि सहा महिन्यांत स्वतःची अपार्टमेंट घेत होती. मला मात्र तिथून निघावंसं वाटलं नाही. त्याचं कारण थोडं काकूंच्या हातचं वांग्याचं भरीत आणि पुष्कळसं काका.

काका एका औषधाच्या कंपनीत क्वालिटीला होते. "बाटलीत काही तरंगून राहिलं का, ते बघणारा माणूस," अशी स्वतःची ओळख करून द्यायचे. घरीही त्यांचं बघणं चालूच असे. दुधाच्या कॅनवरची तारीख, टोस्टरची वायर, माझ्या बुटांचे तळवे. मी पहिली जुनी गाडी घ्यायला गेले तेव्हा ते बरोबर आले. विकणारा माणूस इंजिनाचं कौतुक करत होता. काकांनी जुनं बेडशीट अंथरलं आणि नव्या शर्टासकट गाडीखाली शिरले. पावसाची भुरभुर चालू होती. बराच वेळ फक्त त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते. शेवटी आतून आवाज आला, "ही नको." आणि लगेच, "का नको, ते ये, तुला दाखवतो." मलाही झोपावं लागलं. सायलेन्सर गंजून त्याला कुणीतरी कोल्ड्रिंकचा डबा कापून तारेनं गुंडाळला होता.

हे 'का नको ते दाखवतो' त्यांचं ठरलेलं होतं. कुठलीही गोष्ट नाकारली की कारण द्यायचं. काकूंची भाजी खारट झाली तरी ते 'खारट आहे' म्हणून थांबत नसत. मीठ दोनदा पडलं असेल, फोन आला होता ना मध्येच, अशी पूर्ण चौकशी होई. काकू म्हणत, "हा माणूस माझ्या भाजीचा पंचनामा करून राहिला."

बंदुकीचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. अस्मिता तेव्हा शाळेत होती, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. मी राहायला जायच्या आदल्या वर्षी तिची एक मैत्रीण तिला मुलांच्या नेमबाजी क्लबात घेऊन गेली. तिथे हवेत मातीच्या चकत्या सोडतात आणि त्या शॉटगननं फोडायच्या असतात. पहिल्या दिवशी तिच्या हातात मोठी, बारा नंबरची बंदूक दिली गेली. लहानपणी सायकलवरून पडून तिचं खांद्याजवळचं हाड मोडलेलं होतं. तिथेच बंदुकीचा धक्का बसला आणि खांदा निळा झाला. शिकवणारे वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी ती बंदूक काढून घेतली आणि स्वतःच्या गाडीतून अठ्ठावीस नंबरची आणून दिली. या बंदुकांत आकडा मोठा तितकी नळी बारीक, काडतूस छोटं, धक्का कमी. अस्मितानं त्या बंदुकीनं लागोपाठ चकत्या फोडल्या आणि घरी येऊन जाहीर केलं, "आई, बाबा, आय फाउंड माय थिंग."

काकूंनी त्या दिवशी जेवण केलं नाही, असं काका सांगायचे. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणजे जीव घेणार नाही, हे ज्या घरात दर रविवारी मोठ्यानं म्हटलं जातं, त्या घरात बंदूक? काकांनी आपल्या सवयीप्रमाणे मत दिलं नाही. ते शनिवारी जाऊन दिवसभर क्लबात बसले. फुटलेल्या चकत्यांचे तुकडे रुमालात बांधून घेऊन आले आणि काकूंसमोर ठेवले.

"माती म्हणतात, पण हे डांबर आणि चुनखडी आहे. यात जीव नाही."

"मला काय तुकडे दाखवता? पोरीच्या हातात बंदूक आहे ती आहे ना?"

"आहे. म्हणून तर मी गेलो होतो बघायला. शालू, तिथं आमच्या लॅबपेक्षा जास्त शिस्त आहे."

काकूंनी परवानगी दिली नाही, पण बोलणं बंद केलं. त्या घरात त्याचा अर्थ 'करा काय करायचं ते' असा होता.

अडचण पुढे आली. अठ्ठावीस नंबरची काडतुसं दुकानात सहज मिळत नसत आणि मिळाली तर फार महाग असत. त्या बंदुका वापरणारे लोक वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात. जुनी ठिणगीची टोपी काढायची, नवी बसवायची, मग दारू, मग प्लॅस्टिकचं बूच, मग छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड दुमडून बंद करायचं. हे ज्यावर करतात ते प्रेस.

प्रेस कुठलं घ्यावं यासाठी काका वॉल्टरच्या तळघरात कितीतरी शनिवार जाऊन बसले. वॉल्टरकडे दोन तऱ्हा होत्या. एकावर एका वेळी एकच पुंगळी; तिला हातानं एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवायचं, प्रत्येक वेळी दांडा ओढायचा. दुसरं गोल फिरणारं. त्याच्यावर एकदम कितीतरी पुंगळ्या बसत आणि दर दांड्याला एक तयार काडतूस खाली पडे. काका दोन्हींपुढे वाकून, टॉर्च मारून प्रश्न विचारत. दारू कमी पडली तर कसं कळणार? छर्रे नळीत अडकले तर? वॉल्टर वैतागून म्हणाला, "प्रभाकर, हे काडतूस आहे, इंजेक्शन नाही."

"ते माझ्या मुलीच्या गालाजवळ फुटणार आहे," काका म्हणाले. वॉल्टरनं दोन्ही प्रेस पुन्हा उघडून दाखवली. नंतर तोच त्यांचा इथला सगळ्यांत जवळचा मित्र झाला.

काकांनी हळू चालणारं प्रेस घेतलं. कारण एकच: त्यात प्रत्येक पुंगळीच्या आत डोकावता येतं.

पुंगळ्यांच्या निवडीची हकीकत मी स्वतः पाहिली. अस्मिताचा सराव झाला की इतर पालक कॉफी पीत बसत आणि काका गवतात वाकून पुंगळ्या वेचत. लोक त्यांना हसत हसत स्वतःच्याही आणून देत. एका रविवारी मी स्वयंपाकघरात आले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून काका छोट्या करवतीनं पुंगळ्या उभ्या चिरत होते. चिरलेल्या भेंड्यांसारख्या त्या ओळीनं मांडल्या होत्या.

"ये, बघ," ते म्हणाले. "वरून सगळ्या सारख्या. आता आतून बघ. ही अख्खी एका तुकड्याची आहे, बुडाशी निमुळती होत गेली. ही सरळ नळी आहे आणि तिला बूड वेगळं बसवलंय. दोन्हींत जागा वेगळी. एकीत जे माप बरोबर बसते ते दुसरीत गच्च होईल नाहीतर ढिलं पडेल. बाहेरून कोणाला काय कळणार?"

"मग कुठली घेणार?"

"कुठलीही एक. पण एकच. मिसळायच्या नाहीत."

त्यांनी एका तुकड्याच्या घेतल्या. बाकीच्या ज्याच्या त्याला परत देऊन टाकल्या. घेतलेल्याही प्रत्येक वेळी भरायच्या आधी उजेडात फिरवून बघत. पुंगळीच्या तोंडाशी दुमडीवर केसाएवढी चीर दिसली की ती बाजूला. आणि बाजूला करताना तोंडानं बोलत, जणू पुंगळीलाच सांगत आहेत, "तुझं तोंड फाटलं. तुझं बूड ढिलं झालं." काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "लोक कुत्र्यामांजराशी बोलतात. आमच्याकडे हे."

या बोलण्यामागे काय आहे, ते एका दुपारी समजलं. मी गॅरेजमध्ये त्यांच्याजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी दांडा खाली घेतला, वर सोडला, आणि बंद झालेलं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. तोंडाच्या सहा पाकळ्या मधोमध येऊन घट्ट मिटल्या होत्या.

"माझी माय बिड्या वळायची," ते म्हणाले. "भंडाऱ्याकडे आमचं गाव. ती पान कापून तंबाखू घालून वळायची, आणि मी शाळेतून आलो की तोंडं बंद करायचो. नखानं. हे असंच, पान आत आत दुमडायचं. पंचवीसची जुडी बांधायची. आता या काडतुसांचीही पेटी पंचवीसचीच असते, बघ."

त्यांनी दुसरी पुंगळी घेतली.

"संध्याकाळी सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे, माल द्यायला जायचो. तो जुडी हातात घ्यायचा, मोडायचा, आणि मूठभर बिड्या बाजूला फेकायचा. 'छाट.' बस, एवढंच. काय चुकलं ते सांगत नव्हता. माय विचारायची, मालक, काय खराब आहे? तो दुसरीच्या जुडीकडे वळायचा. मग त्याच फेकलेल्या बिड्या तो विकायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पैसे गेले त्याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. पण घरी येऊन ती जुडीत न बसलेल्या, घरी उरलेल्या बिड्या दिव्याशी धरून बघायची. माझ्या हातानं काय वाईट झालं, ते शोधून राहायची. सापडायचं नाही. कारण काही नव्हतंच."

ते पुन्हा कामाला लागले. आमच्या ऑफिसात काकांच्या कंपनीतली एक मुलगी नोकरीला आली होती. ती सांगायची की मेश्राम माल नापास करतात तेव्हा उत्पादनवाल्यांना खाली स्वतः जाऊन भेटतात आणि समजावून सांगतात, म्हणून लोक त्यांच्यावर चिडत नाहीत. आता मला ते कळलं.

दुसऱ्या वर्षी अस्मिता राज्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. त्यात फोर-टेन नावाच्या, सगळ्यांत बारीक बंदुकीची एक फेरी असते. तिचं काडतूस करंगळीपेक्षा थोडंसं जाड. वॉल्टरनं स्वतःची जुनी फोर-टेन तिला वापरायला दिली. ती झपाटल्यासारखी सराव करू लागली आणि काकांचं हळू प्रेस पुरेना. शिवाय ते अठ्ठावीसचं होतं. बारीक काडतुसासाठी वेगळं हवंच होतं.

त्याच सुमारास क्लबातला एक जण गाव सोडून चालला होता. त्याच्याकडे फोर-टेनसाठी लावलेलं, गोल फिरणारं, जलद प्रेस होतं. वॉल्टरनं सांगितलं, "या प्रेसच्या बारीक नळीत दारू अडकते, प्रभाकर. याच्यावर डोळा ठेवावा लागेल." काकांना ते त्याच्याआधीपासून माहीत होतं. तरी त्यांनी ते घेतलं.

पहिल्या दिवशी ते मुलासारखे खूश होते. दांडा ओढला की काडतूस टपकन खाली. काकूंनासुद्धा बोलावून दाखवलं. ऑफिसातल्या लोकांना ते अस्मिताच्या निवडीबद्दल सांगू लागले होते. कधी नव्हे ते त्यांच्या टेबलावर तिचा बंदूक घेतलेला फोटो आला होता. या सगळ्याचा मला आनंदच वाटत होता.

स्पर्धेला आम्ही सगळे गेलो. काकूसुद्धा, त्या पहिल्यांदाच मैदान बघत होत्या. त्या कानात कापूस घालून माझा हात धरून बसल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी मोकळं हिरवं मैदान, स्वच्छ ऊन, लांबवर फरची झाडं. अस्मिता पहिल्या फेऱ्यांत पुढे होती. फोर-टेनची फेरी सुरू झाली. तिनं दोन जागा पार केल्या. तिसऱ्या जागेवर तिनं हाक दिली, चकती उडाली, तिनं चाप ओढला, आणि नेहमीच्या फटाक्याऐवजी फुस्स असा आवाज आला. फुग्यातली हवा गेल्यासारखा. चकती तशीच पुढे जाऊन पडली.

अस्मिता थांबली नाही. तिला त्याच नळीत पुढचं काडतूस घालून लगेच दुसरी चकती मारायची होती. पंच काही बोलणार, तेवढ्यात काका आमच्याजवळून उठले होते. पालकांनी ओलांडायची नाही अशी दोरी होती. ती त्यांनी ओलांडली.

"थांब! अस्मिता, थांब!"

मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. मैदानावर सगळं थांबलं. पंच हात वर करून त्यांच्याकडे धावला. काका त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागले, पण त्यांना शब्द सापडत नव्हते. वॉल्टर पुढे झाला. त्यानं अस्मिताच्या हातातून बंदूक घेतली, उघडली, आणि नळीत एक लांब सळई घातली. सळई अर्ध्यावर अडली. त्यानं ठोकलं तेव्हा प्लॅस्टिकचं बूच गवतात पडलं.

काडतुसात दारू जेमतेम होती. बूच नळीतच अडकून बसलं होतं. त्याच नळीत पुढचं काडतूस घालून तिनं चाप ओढला असता तर नळी फुटली असती. तिच्या डाव्या हातात.

पंचानं विचारलं, "काडतुसं कुठली आहेत?"

"माझी," काका म्हणाले. "मी भरली. माझी चूक आहे." आणि त्यांनी अस्मिताच्या कमरेची पिशवी सोडवून घेतली.

नियमानं तिला ती चकती पुन्हा मिळाली असती. वॉल्टरनं आपल्या बॅगेतली विकतची पेटी पुढे केली. अस्मिता ती पेटी बघत उभी राहिली. "आय कान्ट," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. वाटेत एकदा काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, तर तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

घरी आल्यावर काकू बोलल्या. आवाज चढवला नाही. "मी तुम्हाला चकतीत जीव आहे का, म्हणून कधी विचारलंच नव्हतं. जीव घेणार नाही म्हणजे नुसता पाखराचा घेणार नाही, असं नसतं. ज्याच्या जिवावर लक्ष ठेवायचं आपण कबूल केलं, त्याच्यावरून नजर काढायची नाही, असंही असतं ते."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली. ती त्यांनी माझ्या माहितीत फक्त तेव्हाच घेतली. त्या जलद प्रेसवर भरलेलं एकूण एक काडतूस त्यांनी कापून उघडलं. संध्याकाळी अस्मिता शाळेतून आली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर ती सगळी मांडलेली होती. मी आणि काकू ओट्याजवळ उभ्या होतो.

"बस," काका म्हणाले.

"बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट."

"तू नको बोलू. मी बोलतो." त्यांनी टॉर्च लावला. "या सगळ्या बरोबर आहेत. ही बघ, हिच्यात दारू अर्धी. हिच्यात नाहीच. आणि हिच्यात दुप्पट. वरच्या बारीक नळीत अडकली, दोन पुंगळ्या तशाच पुढे गेल्या, आणि अडकलेली सगळी तिसरीत पडली. हळू प्रेसवर मी प्रत्येक पुंगळीत बघत होतो. याच्यावर मी दांडा बघून राहिलो, पुंगळी नाही बघितली."

अस्मिता टेबलाकडे बघत होती.

"आता का नाही बघितलं, ते सांगतो," काका म्हणाले. "तुला सरावाला कमी पडू नये म्हणून घाई केली, असं मी काल स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. कमी पडलं असतं तर तू थोडा कमी सराव केला असता. मला घाई झाली होती. ऑफिसात मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. माझी मुलगी राज्यात पहिली येणार. भंडाऱ्याच्या बिडीवालीची नात. मला ते बघायचं होतं. त्याच्यात तू दिसायची राहून गेली."

अस्मिता रडली. काकाही रडले असावेत; त्यांनी चष्मा पुसला एवढंच मी पाहिलं. काकूंनी गॅस लावला आणि सगळ्यांना चहा केला, अस्मितालाही, जी चहा पीत नसे. तिनं तो प्यायला.

ती बरेच दिवस क्लबात गेली नाही. काकांनी जलद प्रेस काढून टाकलं. घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी आधी अंगणात बसवून ते कुठे आणि कसं चुकतं हे सगळं सांगितलं. तो माणूस घाबरून न घेताच गेला. मग दुसरा आला, त्यालाही सांगितलं. त्यानं ते घेतलं, पण आपल्या जाड काडतुसांसाठी.

मग काकांनी फोर-टेनसाठी एक-एक पुंगळीचं जुनं प्रेस आणलं. ते नुसतंच टेबलावर होतं. भरा असं कोणी म्हणत नव्हतं आणि ते आपणहून भरत नव्हते.

एका शनिवारी सकाळी मी कपडे धुवायला गॅरेजमध्ये उतरले. काका प्रेसला तेल देत होते. अस्मिता नाइटसूटवर, केस न विंचरता खाली आली, कपाटाजवळचं स्टूल ओढलं, आणि वडिलांच्या खिशातला टॉर्च काढून घेतला.

"यू पुल, आय लुक," ती म्हणाली.

काकांनी पुंगळी बसवली, दारू सोडली, आणि थांबले. तिनं वाकून आत उजेड टाकला. "आहे," ती म्हणाली. मराठीत. मग बूच, मग छर्रे, मग पुन्हा, "आहे." माझं मशीन धुऊन थांबलं तरी त्यांचं चाललं होतं. त्या दिवशी किती झाली कोण जाणे, फार नसतील. पण त्यानंतर त्या घरात एकट्यानं काडतूस भरलं गेलं नाही. अस्मिता पुन्हा स्पर्धेत उतरली, कधी जिंकली, बहुतेक वेळा मधे कुठेतरी आली. राज्यात पहिली कधी आली नाही. काकांच्या ऑफिसातल्या टेबलावरचा फोटो बदलला. नव्या फोटोत ती गाडीच्या बॉनेटवर बसून सँडविच खात होती.

पुढे मला दूरच्या हर्नडन शहरात नोकरी मिळाली आणि मी बॉथेल सोडलं. विमान दुपारचं होतं. अस्मिताचा सराव सकाळी होता, म्हणून क्लबावरून परस्पर विमानतळावर जायचं ठरलं. माझ्या दोन्ही बॅगा डिकीत होत्या. सराव संपला आणि अस्मिता म्हणाली, "बाबा, युअर टर्न."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत काकांनी हजारो काडतुसं भरली असतील, पण एकही स्वतः उडवलं नव्हतं. ते नको नको म्हणत होते. वॉल्टरनं त्यांच्या कानांवर स्वतःचे कानबंद चढवले. अस्मितानं बंदूक त्यांच्या खांद्याला नीट टेकवली, कोपर उचललं, पाय सरकवले, आणि मागे उभी राहून त्यांच्या पाठीला हाताचा आधार दिला. "बंदुकीकडे बघू नका. चकतीकडे बघा," ती म्हणाली. काकू दोरीच्या अलीकडे उभ्या होत्या, कानात कापूस न घालता.

पहिली चकती गेली. दुसरी गेली. तिसरी उडाली, काकांच्या बंदुकीचा आवाज झाला, आणि चकतीचा काळा भुगा झाला.

"बाबा! यू गॉट इट!" अस्मिता ओरडली. वॉल्टरनं टोपी उडवली. काकू टाळ्या वाजवत होत्या.

काका इकडेतिकडे बघत होते. "काय झालं?"

"फुटली! तुम्ही फोडली!"

"मी डोळे मिटले होते," काका म्हणाले. "मी पाहिलं नाही. हे मोजायचं नाही."

"अहो, आम्ही सगळ्यांनी पाहिलं ना!" काकू म्हणाल्या. "हिचं विमान आहे, चला आता!"

त्यांनी मान हलवली. बंदूक उघडली, रिकामी पुंगळी काढली, नवीन काडतूस घातलं, आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा उभे राहिले. त्यांची काटकुळी पाठ, वर आलेलं डावं कोपर, आणि पाठीवर अस्मिताचा हात.

"सोड," ते म्हणाले. "या वेळी बघतो."